परवानगीचे पंधरा दिवस

१ मार्च २०२४, शुक्रवार. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने इंटरनेट कंपन्यांना एक ॲडव्हायझरी, म्हणजे सल्लावजा सूचनापत्र, पाठवलं. तिच्यातल्या एका कलमाचा आशय असा होता: ज्या एआय मॉडेलची चाचणी अजून पुरी झालेली नाही किंवा ज्याचा भरवसा देता येत नाही, ते भारतातल्या लोकांच्या हाती द्यायचं असेल तर आधी भारत सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. काय पावलं उचलली त्याचा अहवाल १५ दिवसांत द्या, असंही सांगितलं होतं. १५ मार्चला, पुन्हा शुक्रवारीच, मंत्रालयाने दुसरी ॲडव्हायझरी काढून पहिली बाजूला सारली. परवानगीची अट गेली, अहवालाचीही गेली.

कागद आला, कागद गेला. तरीही एआयच्या नीतिनियमांवर कुणाशी बोलायचं झालं तर जाडजूड अहवालांपेक्षा मी हे प्रकरण पुढे करतो. कारण नीतितत्त्वांच्या जाहीरनाम्यांत सगळे देश साधारण सारखंच बोलतात. निष्पक्षता, पारदर्शकता, उत्तरदायित्व, सुरक्षितता. ब्रसेल्स, बीजिंग, दिल्ली आणि वॉशिंग्टनचे कागद शेजारी ठेवून नुसते मथळे वाचले, तर कुठला कुणाचा हे ओळखायला वेळ लागेल. फरक दिसतो तो कुणीतरी दुखावलं जातं तेव्हा. कोण दुखावलं, ते किती वेळात हललं आणि शेवटी कुणापुढे नमावं लागलं, या तीन गोष्टींवरून देश कळतो. या पंधरा दिवसांत तिन्ही गोष्टी उघड्यावर घडल्या.

एक प्रश्न, तीन नेते

गूगलने ८ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या ‘बार्ड’ या चॅटबॉटचं नाव बदलून ‘जेमिनी’ केलं. दोन-अडीच आठवड्यांतच एक्सवर काही स्क्रीनशॉट फिरू लागले. प्रश्न एकच होता: अमुक नेता फॅसिस्ट आहे का? नावं तीन होती. नरेंद्र मोदींबद्दल जेमिनीने सांगितलं, की काही तज्ज्ञांनी ज्यांना फॅसिस्ट म्हटलं आहे अशी धोरणं राबवल्याचा आरोप त्यांच्यावर झालेला आहे, आणि पुढे कारणंही दिली. डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल मात्र हात वर केले: निवडणुकांचा विषय गुंतागुंतीचा आहे, माहिती भराभर बदलते, गूगलवर शोधून पाहा. व्होलोदिमिर झेलेन्स्की यांच्याबद्दल ‘प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ असा सावध सूर लावला.

२३ फेब्रुवारीला तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी एक्सवरच जाहीर उत्तर दिलं. हा माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या ३(१)(ब) चा थेट भंग आहे, शिवाय फौजदारी कायद्यातल्या अनेक तरतुदींचाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गूगलने तत्परतेने खुलासा केला: चूक दुरुस्त करायला घेतली आहे, हे साधन सर्जनशीलतेसाठी आणि कामात मदत म्हणून बनवलेलं आहे, चालू घडामोडी आणि राजकारणावर ते दर वेळी भरवशाचं असेलच असं नाही. यावर मंत्री आणखी चिडले. ‘भरवशाचं नाही, माफ करा’ म्हटल्याने कायद्यातून सुटका होत नाही, आणि भारताच्या ‘डिजिटल नागरिकां’वर असले प्रयोग चालणार नाहीत, असं त्यांनी सुनावलं.

त्याच आठवड्यात हाच जेमिनी अमेरिकेतही गोत्यात आला होता, पण भलत्याच कारणाने. त्याचा चित्रं काढणारा भाग १९४३ सालचे जर्मन सैनिक काढायला सांगितल्यावर त्यांत कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसं काढत होता. २२ फेब्रुवारीला गूगलने माणसांची चित्रं काढण्याची सोयच थांबवली. काही दिवसांनी सुंदर पिचाई यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं, की हे अजिबात मान्य होण्यासारखं नाही. तिथल्या तक्रारीचा रोख होता विविधतेच्या अति-काळजीवर. एकच मॉडेल, एकच आठवडा, आणि पक्षपाताचे दोन आरोप, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमेरिकेत कुठल्या मंत्र्याने नियमाचं कलम फेकून मारलं नाही. तिथे दबाव आला तो समाजमाध्यमांवरच्या खिल्लीतून, टीव्हीवरच्या उजव्या गोटातून आणि शेअर बाजारातून. आपल्याकडे तो आला मंत्रालयातून.

इथे एक तपशील बहुतेक चर्चांमध्ये निसटला. ट्रम्पच्या प्रश्नावर जेमिनी गप्प का बसला? गूगलने डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं, की २०२४ च्या अमेरिकी निवडणुका समोर ठेवून चॅटबॉट निवडणुकीसंबंधी कोणत्या प्रश्नांना उत्तर देईल यावर आपण मर्यादा घालणार आहोत. भारतात लोकसभेची निवडणूक त्याच्याही आधी होती. तरी भारतापुरती अशी मर्यादा गूगलने जाहीर केली ती १२ मार्च २०२४ ला, म्हणजे हा सगळा राडा झाल्यावर. कॅलिफोर्नियात बसून नीतीची कुंपणं घालणाऱ्यांना आपल्या घरचा धोका आधी दिसला, दूरचा नंतर. नीतिनियमांवर राष्ट्रीय राजकारणाचा ठसा असतो तो सरकारी कागदावरच असतो असं नाही. कंपनीच्या आतल्या, कधी न छापलेल्या नियमांवरही तो असतो. जेमिनीची सावधगिरी अमेरिकन होती.

मंत्र्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं

चंद्रशेखर यांची त्या दिवसांत भरपूर टिंगल झाली. पण त्यांच्या मुद्द्यात दम होता. तीन नेत्यांना तीन फूटपट्ट्या लावल्या गेल्या होत्या, हे स्क्रीनशॉटमध्ये दिसतच होतं. आणि ‘आमचं साधन अजून कच्चं आहे’ असं स्वतः म्हणणाऱ्या कंपनीने ते कोट्यवधी लोकांच्या हातात का द्यावं, हा प्रश्न कुठल्याही देशातल्या कुठल्याही नियामकाला पडायला हवा. औषधाच्या कंपनीला आपण ही मुभा देत नाही. बाहेरच्यांनी आपल्यावर प्रयोग करू नयेत, ही भावना तर इथे जुनी आणि खोलवर रुजलेली आहे. ‘डिजिटल नागरिक’ हा शब्दप्रयोग नेमका तिथेच बोट ठेवत होता.

डीपफेकची, म्हणजे एआयने बनवलेल्या हुबेहूब बनावट व्हिडिओ-आवाजांची, धास्तीही खरी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या शरीरावर चिकटवलेला व्हिडिओ पसरला. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा बनावट व्हिडिओ आला. सचिनने स्वतः तो खोटा असल्याचं सांगितलं आणि प्रकरण मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेलं. मंत्रालयाने नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये डीपफेकबद्दल ॲडव्हायझरी काढल्याही होत्या. त्या आल्या तेव्हा कुणी फारशी कुरकूर केली नाही. त्यांत परवानगी मागायची भानगड नव्हती.

परवानगीचं कलम आलं ते जेमिनीच्या उत्तरानंतर आठवड्याभरात. हा क्रम विसरून चालणार नाही. मार्चच्या त्याच कागदात आणखी एक वाक्य होतं: मॉडेलने पक्षपात किंवा भेदभाव होऊ देऊ नये, आणि निवडणूक प्रक्रियेच्या सचोटीला धक्का लावू नये. पक्षपात आणि निवडणूक एकाच दमात. कागद कुठल्या प्रसंगातून जन्मला, हे वेगळं सांगायची गरज उरत नाही.

कायदा किती, दबदबा किती

नियम ३(१)(ब) मध्ये मध्यस्थ कंपन्यांनी कोणत्या प्रकारचा मजकूर आपल्या व्यासपीठावर येऊ नये म्हणून वाजवी प्रयत्न करायचे, याची यादी आहे. अश्लील, लहान मुलांना अपायकारक, दुसऱ्याचं सोंग घेणारा, देशाच्या ऐक्याला धोका पोचवणारा, धादांत खोटा, वगैरे. हा नियम लिहिला गेला तो लोक जे लिहितात ते साठवणाऱ्या आणि पसरवणाऱ्या कंपन्यांसाठी. चॅटबॉट मात्र उत्तर स्वतः रचतो. मग तो मध्यस्थ की लेखक? याचा निवाडा झालेला नव्हता. मंत्र्यांनी तो गृहीत धरला.

दुसरं म्हणजे, माहिती तंत्रज्ञान कायद्यात एआय मॉडेलला आधी परवानगी देण्याचा अधिकार मंत्रालयाला कुठल्याही कलमाने दिलेला नाही. चंद्रशेखर यांनीही तसं ओढूनताणून म्हटलं नाही. आज सल्ला म्हणून सांगतोय, उद्याचं नियमन या दिशेने जाणार आहे, असा त्यांचा पवित्रा होता. सल्ला म्हणून दिलेला कागद, पण मुदत १५ दिवसांची आणि न पाळल्यास दंडात्मक परिणामांचा इशारा. भारतात कंपनीचं कार्यालय चालवणाऱ्या माणसाला हा सूर बरोबर कळतो. कलम ७९ खालचं ‘सेफ हार्बर’, म्हणजे वापरकर्त्याच्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचं संरक्षण, त्याच्या डोक्यावर कायम टांगलेलं असतं. ते काढून घेऊ, एवढं सूचित केलं तरी पुरतं.

या कलम ७९ चा आजचा अर्थ जिथून आला, त्या गोष्टीची सुरुवात पालघरला झाली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांना लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यातून दिल्लीतल्या एका विद्यार्थिनीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ च्या निकालाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा ठरवणारं कलम ६६अ रद्द झालं, आणि मजकूर काढायला कंपनी बांधील ठरते ती न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश आल्यावर, असा कलम ७९ चा अर्थ लावला गेला. नेत्याबद्दल बोललेलं खपवून घ्यायचं की नाही हा प्रश्न भारतात एआय यायच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो सोडवण्याची जागा न्यायालय आहे, हेही तेव्हाच ठरलं होतं.

मार्च २०२४ मध्ये तेच मंत्रालय मुंबई उच्च न्यायालयातही उभं होतं. सरकारच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खरा की खोटा हे सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाने ठरवायचं, अशी दुरुस्ती एप्रिल २०२३ मध्ये झाली होती. कुणाल कामरा आणि इतरांनी तिला आव्हान दिलं. ३१ जानेवारीला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद होऊन निकाल विभागला गेला. ११ मार्चला न्या. अतुल चांदूरकर यांनी अंतरिम स्थगिती नाकारली, २० मार्चला केंद्राने कक्ष अधिसूचित केला, २१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि सप्टेंबरमध्ये चांदूरकर यांनीच ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. नियम बदलला की त्याला न्यायालयात खेचता येतं. ॲडव्हायझरीत तशी पकड मिळत नाही, आणि म्हणूनच ती मंत्रालयांना आवडते.

आधी दाखवा, मग लावा

परवानगीची ही कल्पना एकट्या चंद्रशेखर यांच्या डोक्यातून आलेली नाही. लोकांपुढे जाण्याआधी सरकारी शिक्का हवा, ही आपल्या व्यवस्थेची मुरलेली सवय आहे. सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्रात तर नाटकाची संहितासुद्धा प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. नाटक करणाऱ्या कुणालाही विचारा, तो प्रमाणपत्र क्रमांकाच्या गोष्टी सांगेल. कारखान्यांच्या बाबतीत लायसन्स-परमिट राज १९९१ साली मोडलं. शब्दांच्या बाबतीत ते पूर्णपणे कधीच मोडलं नाही. त्यामुळे बोलणारं यंत्र समोर आल्यावर सरकारी हात शिक्क्याकडे वळला, यात नवल नाही.

चंद्रशेखर स्वतः इंटेलमध्ये काम केलेले अभियंता आणि बीपीएल मोबाइलचे संस्थापक. मुंबईत नव्वदीच्या दशकात ज्यांनी पहिला मोबाइल घेतला, त्यांना ते नाव आठवत असेल. दूरसंचाराचा धंदा परवान्यावरच चालायचा. अशा माणसाला परवानगी हा अडथळा न वाटता धंद्याचा नेहमीचा भाग वाटणं स्वाभाविक आहे. ॲडव्हायझरीच्या दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, भाजपने लोकसभेच्या १९५ उमेदवारांची पहिली यादी जाहीर केली. तिरुवनंतपुरमच्या जागेसमोर नाव होतं राजीव चंद्रशेखर. पंतप्रधानांची अवहेलना झाली म्हणून गूगलला खडसावणारा मंत्री आणि पक्षाचा उमेदवार, दोघे एकच.

मग सरकार नमलं कुणापुढे?

विरोधी पक्षापुढे नाही. न्यायालयापुढे नाही, तिथपर्यंत वेळच आली नाही. संसदेचं अधिवेशनही तेव्हा चालू नव्हतं.

ॲडव्हायझरीची बातमी फुटल्यावर दोन-तीन दिवस एक्सवर भारतीय आणि भारतीय वंशाचे उद्योजक तुटून पडले. पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीचे प्रमुख अरविंद श्रीनिवास यांनी भारताची ही चाल वाईट असल्याचं लिहिलं. अमेरिकेत बसून भारतीय शेतकऱ्यांसाठी चॅटबॉट बनवणाऱ्या एका संस्थापकाने, आपण हे काम हाती घेतलं हाच मूर्खपणा झाला, असा वैताग व्यक्त केला. सिलिकॉन व्हॅलीतल्या गुंतवणूकदारांनीही तोंडसुख घेतलं. ४ मार्चला चंद्रशेखर यांना खुलासा करावा लागला: परवानगी फक्त मोठ्या व्यासपीठांसाठी आहे, स्टार्टअपना ती लागू नाही. परवानगी आणि लेबल हा कंपन्यांसाठी एक विमाच समजा, नाहीतर ग्राहक कोर्टात खेचतील, असंही त्यांनी पटवून पाहिलं. मूळ कागदात स्टार्टअपना अशी सूट कुठे लिहिलेली नव्हती. ती पोस्टमधून दिली गेली. एका पोस्टने सुरू झालेलं प्रकरण दुसऱ्या पोस्टने सावरण्याचा हा प्रयत्न होता, आणि राष्ट्रीय धोरण असं घडावं ही काही भूषणाची गोष्ट नाही.

टीका तर सरकारवर रोजच होते. हीच एवढी झोंबली, कारण ती सरकारच्या स्वतःबद्दलच्या चित्रालाच तडा देणारी होती. भारत म्हणजे आयटीवाल्यांचा देश, स्टार्टअपचा देश, जगाला डिजिटल व्यवहार शिकवणारा देश, ही प्रतिमा या सरकारने जिवापाड जपलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्येच दिल्लीत एआयवरच्या जागतिक भागीदारीची परिषद भरली होती. ७ मार्चला, म्हणजे दोन ॲडव्हायझरींच्या अधेमधे, केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. एका हाताने दहा हजार कोटी द्यायचे आणि दुसऱ्या हाताने मॉडेल बाहेर काढायला अर्ज मागायचा, हे फार काळ चालणारं नव्हतं. नेत्याच्या मानाला धक्का लागला म्हणून कागद निघाला, आणि देशाच्या तंत्रज्ञानातल्या मानाला धक्का लागला म्हणून मागे घेतला गेला. दोन अभिमानांची टक्कर झाली, त्यात दुसरा भारी पडला. नागरिकाचा हक्क या हिशेबात कुठल्याच बाजूने आला नाही.

१५ मार्चच्या कागदात काय उरलं? लेबल. कच्चं मॉडेल द्या, पण त्याची उत्तरं चुकू शकतात हे स्पष्ट सांगा. बनवलेल्या चित्र-ध्वनीवर खूण ठेवा. १६ मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेच्या तारखा जाहीर केल्या, आचारसंहिता लागली आणि विषय मागे पडला.

मधल्या काळात गूगलने १२ मार्चची ती घोषणा केली होती. अति-सावधगिरी म्हणून भारतातल्या निवडणुकीसंबंधीच्या प्रश्नांवर जेमिनी मर्यादित उत्तरं देईल. मंत्र्यांची तक्रार होती की उत्तर पक्षपाती आहे. निष्पन्न हे झालं की उत्तरच मिळेनासं झालं. असा आदेश कुणी दिला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर कुणाकडे मागायचं हाही प्रश्नच. माझ्या मते या प्रकरणाचा खरा परिणाम हाच. ॲडव्हायझरी रद्द झाली तरी तो उरला, कारण मौन कंपनीला सगळ्यात स्वस्त पडतं.

शेजारच्या गल्लीत

याच पंधरवड्यात, १३ मार्चला, युरोपीय संसदेने एआय कायदा ५२३ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर केला. एप्रिल २०२१ च्या मसुद्यापासून तिथे पोचायला जवळजवळ तीन वर्षं गेली. त्यातही राजकारण भरपूर होतं, आपल्या देशी कंपन्यांना झळ लागू नये म्हणून फ्रान्स आणि जर्मनीने शेवटच्या टप्प्यात बराच जोर लावला होता. पण ते भांडण छापील मसुद्यावर, कलमाकलमाने झालं.

चीनने ऑगस्ट २०२३ पासून निर्मितीक्षम एआयसाठी तात्पुरते उपाय म्हणून नियम लागू केले. त्यात समाजवादाची मूलभूत मूल्यं जपा असं सरळ लिहिलं आहे, आणि जनमतावर परिणाम करू शकणाऱ्या सेवांना सुरक्षा तपासणी आणि अल्गोरिदमची नोंदणी बंधनकारक आहे. एप्रिल २०२३ चा चिनी मसुदा याहून कडक होता. चिनी कंपन्या मागे पडतील या काळजीने तो सैल केला गेला, असं बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे धाक आणि स्पर्धेची ओढाताण तिथेही आहे. फरक एवढाच, की सरकारला काय ऐकायचं नाही हे चीनने नियमातच लिहून टाकलं. दिल्लीच्या कागदात ते ‘पक्षपात’ या शब्दामागे उभं होतं.

जे कपाटात राहिलं

आपल्याकडे याआधी काही विचारच झाला नव्हता, अशातला भाग नाही. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जबाबदार एआयवरचा दस्तऐवज काढला. त्यात सात तत्त्वं आहेत, आणि त्यांचा पाया म्हणून घेतली आहे ती सांविधानिक नीतिमत्ता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेली कल्पना. ही नीतिमत्ता आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, असं त्यांनी तेव्हा बजावलं होतं. नीतिनियमांचा पाया भारतीय मातीत शोधायचा तर याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही. समता, भेदभाव नाकारणं, माणसाची प्रतिष्ठा, सगळं त्यात येतं.

त्याच वर्षी गूगलच्याच संशोधकांनी भारतातल्या ३६ अभ्यासक आणि कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन दाखवलं, की पाश्चात्त्य देशांत बेतलेली निष्पक्षतेची मोजमापं इथे चपखल बसत नाहीत. वंशाच्या जागी जात, धर्म, वर्ग, भाषा येतात. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा घरात एकच फोन आहे, त्यांचा डेटाच नसतो. यंत्र त्यांना पाहतच नाही.

मार्च २०२४ च्या ॲडव्हायझरीत यातलं काहीही उतरलं नाही.

याच काळातलं तेलंगणाचं उदाहरण घ्या. २०१४ ते २०१९ दरम्यान तिथे १८ लाखांहून अधिक रेशन कार्डं रद्द झाली. अपात्र लाभार्थी हुडकण्यासाठी राज्याने ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली वापरली होती, जी वेगवेगळ्या सरकारी नोंदींतली नावं-पत्ते जुळवून कुटुंबाचं चित्र उभं करते. हैदराबादमधल्या एका बाईचं कार्ड गेलं, कारण तिच्या नवऱ्याचं नाव कुणा मोटारमालकाच्या नावाशी मिळतंजुळतं निघालं. नवरा रिक्षा ओढायचा. त्यांच्याकडे मोटार कुठून असणार! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेली कार्डं प्रत्यक्ष तपासायला सांगितली. या प्रणालीचा सविस्तर पत्रकारी तपास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे जेमिनीच्या उत्तराच्या महिनाभर आधी. भरवसा नसलेलं मॉडेल, पुरेशी चाचणी नाही, भारतीय नागरिकांवर प्रयोग. मंत्र्यांचे सगळे निकष इथे लागू होतात. पण हा वापर सरकारचा होता, आणि ॲडव्हायझरी होती खासगी व्यासपीठांना. चॅटबॉटच्या उत्तराला प्रतिक्रिया त्याच दिवशी मिळाली. रेशन कार्डवाल्या बाईला कोर्टाची पायरी चढावी लागली.

त्यानंतर

५ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने एआय कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आयआयटी मद्रासचे प्रा. बी. रवींद्रन यांच्या समितीने ती तयार केली. यातली सात ‘सूत्रं’ रिझर्व्ह बँकेच्या एआयवरच्या समितीकडून घेतलेली आहेत, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य. एक सूत्र स्पष्ट सांगतं, की बाकी सगळं सारखं असेल तर लगामापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य द्यावं. सध्या वेगळा कायदा नको, अशी भूमिका आहे. मार्च २०२४ मध्ये पोळलेल्या हातांनी हा कागद लिहिला आहे, हे जाणवतं. त्याआधी दोन आठवडे, २२ ऑक्टोबरला, त्याच मंत्रालयाने कृत्रिमरीत्या बनवलेल्या मजकुरासाठी नियमांचा मसुदा काढला होता. त्यात दृश्याच्या किमान १० टक्के जागेवर लेबल असावं असा प्रस्ताव होता. परवानगी मेली, पण लेबल वाढत गेलं.

त्या लेबलची परीक्षा मात्र महाराष्ट्राने आधीच पाहिली होती. १९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाची पूर्वसंध्या. भाजपच्या अधिकृत एक्स हँडलवर काही ध्वनिफिती टाकल्या गेल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले बिटकॉइनच्या पैशांबद्दल बोलत आहेत, असा दावा होता. दोघांनीही आवाज आपला नसल्याचं सांगितलं. सुळे यांनी निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी तपासणीची साधनं लावली तेव्हा बहुतेक फिती एआयने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता दिसली. दुसऱ्या दिवशी, मतदान सुरू असताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पत्रकारांना म्हणाले की आवाज सुप्रियाचाच आहे, मी तिला ओळखतो.

फितींवर लेबल नव्हतं. मार्चच्या दोन्ही ॲडव्हायझरी मध्यस्थ कंपन्यांसाठी होत्या, पक्षांना त्यांत काही सांगितलेलं नव्हतं. निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना बजावलं होतं, की डीपफेक निदर्शनास आणून दिल्यावर ३ तासांत काढा. पण ते खोटं आहे हे ३ तासांत ठरवायचं कुणी, याबद्दल तो आदेश काही बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता मतदान सुरू झालं होतं.